स्लो बॅट नको

९ नोव्हेंबर, रविवार

यार्नच्या एजंटने दिवाळीत दिलेली डायरी कोरीच पडली होती. आज सुरू करतोय ती सोनालीच्या आईमुळे. ती म्हणते, तुम्ही ऐकता एक आणि सांगता भलतंच, तर जे कानावर पडलं ते आधी लिहून ठेवा, मग भांडू. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, डावा कान कामातून गेलाय हे मला मान्य. भलतंच सांगतो हे मान्य नाही.

आज पहिल्यांदा सोनालीचा सॉफ्टबॉल बघायला गेलो. पोर बारावीत आहे, दोन वर्षं खेळते आहे. डिंडोलीच्या मैदानावर त्यांच्या कुसुम मॅडम शिकवतात. त्या आपल्याच, जळगावकडच्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "निंबाभाऊ, वीस डिसेंबरला बारडोलीला राज्याच्या संघाची निवड आहे. पुढच्या वर्षी ही वयात बसणार नाही. एवढी एकच संधी. आणि सोनाली माझी सगळ्यात भरवशाची बॅटर आहे."

भरवशाची! मी तारेच्या कुंपणाजवळ उभा राहून जीव तोडून ओरडत होतो, "मार! मार! लवकर मार!" आठ चेंडू आले. एक लागेल तर शपथ. सगळे हवेत फटके. मॅडम म्हणाल्या, "परवा तर सगळे लागले होते." आता परवा आणि आज यात फरक काय? पोर तीच, मैदान तेच. मी बॅट हातात घेऊन बघितली. अॅल्युमिनियमची, जुनी, पोटाला हा एवढा पोचा. सापडला चोर.

मॅडमकडून आणखी एक कळलं. या खेळाला स्लो पिच म्हणतात. चेंडू जोरात टाकत नाहीत, वर कमान करून हळू सोडतात. स्लो! ऐकूनच डोक्यात तिडीक गेली. सोनाली दुसरीत होती तेव्हा बाईंनी रिपोर्टवर हेच लिहिलं होतं. 'स्लो आहे.' का, तर पोर बोलताना अडते. एखादं अक्षर तोंडात रुतलं की रुतलं. लोक बघत राहतात. मी तिला तसं अडू देत नाही, पुढचा शब्द मीच पटकन देऊन टाकतो. बापाने एवढं तरी करायला हवं.

१२ नोव्हेंबर

मॅडमचा मेसेज आला. जमलं तर सोनालीसाठी एक कंपोझिट बॅट बघा, तिने हाताला झटके कमी बसतात, चेंडू लांब जातो. बाकी सोनालीला माहीत आहे.

कंपोझिट म्हणजे काय ते मात्र लिहिलं नाही. आमच्या लूमच्या खात्यात सुताचे बीम भरणारे सुकदेवअप्पा आहेत, साठीचे, तरुणपणी धुळ्याला गिरणीत होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, कंपोझिट मिल नसे का? एका गेटातून कापूस आत, दुसऱ्या गेटातून धोतर बाहेर. सूत, विणाई, रंगाई, सगळं एका छपराखाली."

डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे कंपोझिट बॅट ती, जी सगळ्या कामाला चालते. एकच बॅट, कोणताही खेळ, कसाही चेंडू. मग घ्यायची तर तीच. मॅडमना विचारायची गरज उरली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुटीचा सगळा दिवस दुकानं फिरण्यात गेला. जिकडे तिकडे क्रिकेट. एका दुकानदाराने "सोफ्टबोल?" असं अशा तोंडाने विचारलं की जणू मी सोन्याचा कंगवा मागितला.

घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ लावले. बोंबला! एक गोरा माणूस म्हणतो एक तुकड्याची घ्या, दुसरा म्हणतो दोन तुकड्यांची. कोणी म्हणतो टोकाला जड हवी, कोणी म्हणतो वजन सगळीकडे सारखं हवं. औंस म्हणे सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. धाग्याचं डेनियर, म्हणजे जाडी, मला झोपेत विचारा, बोटांनी चोळून सांगेन. बॅटवर डेनियर लिहायला यांना काय धाड भरली होती? चार व्हिडिओ बघून सकाळपेक्षा कमी समजतंय.

सोनाली शेजारी येऊन बसली होती. म्हणाली, "पप्पा, ब... ब..."

"बंद करतो, बंद करतो," म्हटलं. अभ्यासाला आवाज होत असणार. बंद केला. तरी ती थोडा वेळ तिथेच बसून राहिली.

१९ नोव्हेंबर

देव पावला! शेठची भाची न्यू जर्सीहून लग्नासाठी येते आहे. शेठ म्हणाले, "निंबाभाई, एक वस्तु लई आवशे. पण नाम बराबर लखी आपजो. काले सवारे मोकलवानुं छे." एकच वस्तू आणणार, नाव नीट लिहून द्यायचं, उद्या सकाळीच पाठवायचं आहे.

ड्युटीवरून आलो तो चपला न काढताच सोनालीला हाक मारली. सांगितलं, अमेरिकेतून बॅट येणार, बोल कोणती हवी. आता शब्द न् शब्द लिहितो, म्हणजे उद्या भांडण नको.

ती म्हणाली, "पप्पा, मला स... स..."

मी म्हटलं, "सगळ्यात भारी! समजलं!"

ती म्हणाली, "न... नाही, स..."

मी म्हटलं, "अगं लाजतेस काय? सगळ्यात भारीच आणणार."

तिची आई आतून ओरडली, "काय सांगी ऱ्हायनी ती, आयका तरी!" मी म्हटलं, ऐकलं, उजवा कान शाबूत आहे माझा. सोनाली आत निघून गेली. महागाची वस्तू मागायची म्हटलं की तिला संकोच होतो. माझ्यावर गेली नाही, आईवर गेली आहे.

२० नोव्हेंबर

शेठच्या ऑफिसात काचेच्या टेबलावर त्यांचा मोठा मोबाइल ठेवला. पडद्यावर दोन बॅटी, दोन्ही कंपोझिट. एकीवर स्लो पिच, एकीवर फास्ट पिच. शेठनी चष्मा वर केला. "धीमुं शुं काम, निंबाभाई?"

खरंच की. हळू कशाला? आमच्या धंद्यात हळू म्हणजे खोट. हळू चालणारा लूम कोणी विकत घेतो का? क्षणभर मनात आलं, खेळाचं नाव तर स्लो पिच आहे. पण कंपोझिट आहे म्हणजे सगळीकडे चालणारच. आणि माझ्या पोरीच्या हातात 'स्लो' लिहिलेली वस्तू मी का म्हणून देऊ? ते अक्षर एकदा रिपोर्टवर बघितलं, बस झालं. दोघांनी एकदमच फास्टवर बोट ठेवलं. फार दिवसांनी शेठचं आणि माझं एकमत झालं.

३० नोव्हेंबर, रविवार

परत मैदानावर गेलो. माझं नशीबच फुटकं. सुरुवातीला मी पोरींसाठी पोंक, म्हणजे आपला हुरडा, आणायला कोपऱ्यावर गेलो होतो, तेवढ्यात सोनालीने तीन चेंडू लागोपाठ पार रस्त्यापलीकडे उडवले म्हणे. सगळ्या पोरी सांगत होत्या. मी पोंकाचा पुडा पोरींना देऊन तारेशी उभा राहिलो, घसा बसेपर्यंत ओरडलो, आणि त्यानंतर एक नाही लागला. बॅट वर गेली, फिरून आली, तरी चेंडू आपला हवेतच. ती पोचेवाली बॅट मी तिथेच मोडून टाकली असती.

कुसुम मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जरा बसून बघता का, गप्प?" म्हटलं, मॅडम, माझ्या पोरीला धीर कोण देणार?

गाडीवर परत येताना सोनाली मागून म्हणाली, "पप्पा, ट्रायलला तुम्ही न... न..."

"नक्की येणार!" मी म्हटलं. "शेठकडे आधीच सुटी मागितली आहे. सगळ्यात पुढे उभा राहीन बघ."

घरी उतरल्यावर ती तडक आत गेली. मला मात्र बरं वाटलं. दहावीच्या सत्काराला गेलो नव्हतो ते तिने मनात ठेवलं असेल असं वाटायचं. पोर मला बोलावते आहे.

७ डिसेंबर, रविवार

बॅट आली!

काळीभोर, वरून लाल पट्टा, हातात घेतली तर एवढी हलकी की मला आधी वाटलं आतून पोकळच आहे आणि फसवलं आपल्याला. सोनालीच्या आईने पाटावर ठेवून हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. पहिली रेपियर लूम मशीन आली तेव्हा खात्यात केली होती तशी साग्रसंगीत पूजा. गल्लीतले चार जण बघून गेले. मी प्रत्येकाला सांगितलं, कंपोझिट आहे, फास्ट आहे.

सोनालीने बॅट घेतली, तिच्यावरचं नाव वाचलं, परत वाचलं. मग म्हणाली, "छ... छान आहे, पप्पा." डोळे भरून आले होते तिचे. मला पण भरून आलं. पोरीला आनंद व्हावा तर असा.

९ डिसेंबर

मॅडमचा फोन आला, दुपारच्या सुटीत. डोकं भणभणतंय. जसं ऐकलं तसं लिहितो.

ही बॅट चालणार नाही. ही फास्ट पिचची. बारडोलीला निवड समितीची माणसं खेळाआधी प्रत्येक बॅट तपासतात, स्लो पिचच्या यादीत नसली तर बाजूला ठेवतात. मी म्हटलं, "मॅडम, पण कंपोझिट आहे ना?" त्या म्हणाल्या, "कंपोझिट म्हणजे सगळ्याला चालणारी नव्हे, भाऊ. ती कशाची बनली आहे त्याचं नाव आहे ते. कार्बनच्या धाग्याचं कापड असतं. त्याचे थरावर थर गुंडाळतात, डिंकासारख्या रसायनात घट्ट बसवतात."

कापड! मी खुर्चीवर बसलो. तीस वर्षं कापड विणलं, आणि पोरीची बॅट कापडाची आहे हे मला कळलं नाही. सुकदेवअप्पांवर रागवावं की स्वतःवर?

मग मॅडम म्हणाल्या, "सोनालीला तर सगळं माहीत होतं. तिने सांगितलं नाही तुम्हाला?"

हे मात्र झोंबलं. घरी गेल्या गेल्या विचारलं, "तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? पूजा होईपर्यंत मुकाट उभी राहिलीस?" ती म्हणाली, "म... मी..." मी म्हटलं, "राहू दे आता!" जेवलो नाही. चूक कोणाची आहे तेच मला समजत नाही. बाप विचारतो, पोर सांगत नाही, मग बापाने करायचं काय?

१३ डिसेंबर

एक आठवडा उरला. दुसरी बॅट इतक्यात कुठून येणार? सोनाली पोचेवालीवरच सराव करते आहे. माझ्याशी बोलत नाही असं नाही, पाणी देते, चहा देते. पण स्वतःहून काही सुरू करत नाही. सुरू केलं तर मी ऐकेन की.

मॅडमनी बारडोलीच्या मालतीबाईंना फोन केला आहे, त्यांचा तिकडे मुलींचा संघ आहे. बघू.

१६ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

मालतीबाईंनी दोन बॅटी पाठवल्या, दोन्ही स्लो पिचच्या, दोन्ही वापरून मोकळ्या झालेल्या. नवी कंपोझिट बॅट आधी दोनशेक चेंडू खाते आणि मगच खुलते म्हणे, त्यामुळे जुनी मिळाली हे चांगलंच झालं. एक टोकाला जड, एक सारख्या वजनाची. त्यातली एक ठेवायची, दुसरी उद्या सकाळी परत. मी दोन्ही खाटेवर ठेवल्या. माझं मत तयार होतं. टोकाला जड तीच घ्यायची, घणासारखी बसेल. सोनाली समोर येऊन उभी राहिली. आता मी बोलणार.

पण माझ्या तोंडात मावा. नुकताच भरलेला, गाल टम्म. सोनालीच्या आईने फरशी आत्ताच पुसलेली, दारात बादली आडवी, आणि ती स्वतः पोतेरं घेऊन उभी. थुंकायला जावं तरी कसं? मी नुसता हाताने खूण केली, कोणती?

सोनाली म्हणाली, "ब... ब... ब..."

मला काय म्हणायचं होतं ते आठवत नाही. म्हणता आलंच नाही. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, मी नुसता बघतोय हे तिला दिसलं, आणि मग शब्द आपोआप सुटला.

"बॅलन्स्ड. टोकाला जड असली ना, की एकदा निघाली की निघाली. मला ती मधेच थ... थांबवता येत नाही. चेंडू वरून खाली येतो, पप्पा. आधी मारला तर हवेत जातो. थांबायचं असतं. ते मला येतं. सगळ्यांत च... चांगलं मलाच येतं."

एवढं सलग ती माझ्याशी कधी बोललीच नव्हती. मी मान हलवली. तिला वाटलं मी पुढे बोल म्हणतोय. ती बोलली.

"तुम्ही तारेजवळून ओरडता ना, लवकर मार, मग माझा हात आधी जातो. दर वेळी. ट्रायलला तुम्ही न... नका येऊ, पप्पा. मागेच सांगणार होते."

मी बादली ओलांडून बाहेर गेलो, थुंकलो, आणि तिथेच नळाजवळ उभा राहिलो. सोनालीची आई मागून आली. म्हणाली, "तुमनं तोंड बंद व्हतं, म्हनीसन पोर बोलनी."

१७ डिसेंबर

लिहायला काही नाही. राग आहे. कोणावर ते विचारू नका. लूमवर दोन वेळा ताणा तुटला, दोन्ही वेळा दुसऱ्याला शिव्या दिल्या.

१८ डिसेंबर

सुटीत बसून ही डायरी पहिल्या पानापासून वाचली. शेठच्या ऑफिसात जायच्या आदल्या दिवशी ती 'स' म्हणाली होती. सगळ्यात भारी हे मी म्हणालो, ती नव्हे. गाडीवर ती 'न' म्हणाली होती. नक्की हे माझं. त्याआधी 'ब' होता, मी मोबाइल बंद केला. सगळीकडे तिचं एक अक्षर आणि माझं अख्खं वाक्य.

सोनालीच्या आईला वाटायचं मला नीट ऐकू येत नाही. डावा कान गेला हे खरं. पण ही अक्षरं तर मी बरोबर ऐकून बरोबर लिहिली आहेत. मग काय गेलंय माझं?

शेठना सांगितलं, परवाची सुटी नको.

२० डिसेंबर

सकाळी सहाला सोनाली आणि कुसुम मॅडम बारडोलीच्या बसला बसल्या. मी स्टँडवर सोडायला गेलो. बॅट तिच्या पाठीवर होती, सारख्या वजनाची. सांगायला शंभर गोष्टी होत्या. एकही सांगितली नाही. हात वर केला फक्त.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. दुपारी एक, दोन, तीन. वाटायचं, आत्ता तिची पाळी आली असेल. आत्ता कमान करून चेंडू वर गेला असेल. तिथे असतो तर ओरडलोच असतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच ती नको म्हणाली.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. सोनाली कधी फोन करत नाही, मेसेज करते. फोनवर तिला फार अडायला होतं. मी मशीन तशीच सोडून अंगणात पळालो, भिंतीशी टेकलो, उजव्या कानाला फोन दाबून धरला.

"प... पप्पा."

घशाशी आलं होतं, झालं का? निवडलं का? गिळलं. "हं," म्हटलं.

तिने पार बसपासून सुरुवात केली. बसमध्ये कोण भेटलं. बॅट कशी तपासली. पहिल्या पाळीत दोन चेंडू तिने सोडूनच दिले, समितीतल्या एक बाई कपाळाला हात लावून बसल्या, तिसरा मारला. मधे मधे शब्द रुतायचा. मी काही दिलं नाही. भिंतीचा पोपडा नखाने काढत उभा राहिलो. आत माझ्या दोन लूमचे धागे तुटून मशीन उभ्या राहिल्याचं आवाजावरून कळत होतं. शेठ बाहेर आले, हाताने विचारलं, काय? मी त्यांना तोंडावर बोट ठेवून दाखवलं. शेठना! ते बिचारे आत निघून गेले.

मग ती अचानक थांबली. "पप्पा, तुम्ही क... काहीच बोलत नाही. ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हटलं. "सगळं येतंय. तू बोल."

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. नुसता श्वास. मी थांबलो. मग ती म्हणाली, तिचं नाव यादीत लागलं आहे. पूर्ण वाक्य म्हणाली. मधे दोन वेळा अडली, आणि शेवटच्या शब्दापर्यंत तिची ती गेली.